मानाजीची शेळी

देवासात त्या काळी सगळंच दोन-दोन होतं. राजे दोन, कचेऱ्या दोन, दसऱ्याच्या मिरवणुकाही दोन. एकाच गावातल्या एकाच रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती आणि पलीकडे धाकटी. तेव्हा पलीकडच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर आला म्हटल्यावर अलीकडच्या आमच्या शाळेतही तो येणार, हे मला बिगरीच्या वर्गात बसल्या बसल्या कळलं होतं. ड्रॉइंग कशाशी खातात हे आमच्या कमिटीत कुणालाच ठाऊक नव्हतं. पलीकडे आहे, एवढं कारण त्यांना पुरे होतं.

मी बिगरीचा मास्तर. लहानथोर मला तात्या म्हणत. माझ्या हाताखाली पाच-सहा वर्षांची तीस पोरं होती, आणि एकोणीसशे नऊ सालच्या ज्येष्ठात त्यांच्यासमोर चिंतामणी येऊन उभा राहिला.

चिंतामणी मूळचा धारचा. चोवीस वर्षांचा, मुंबईची ड्रॉइंगची परीक्षा वरच्या नंबराने पास झालेला, बोलायला भिडस्त. कमिटीने त्याला वर्षाच्या बोलीवर घेतलं होतं. त्याचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, पण सासरे नारायणराव मुलीला काही सासरी पाठवत नव्हते. जावयाने कायम नोकरीचा हुकूम दाखवावा आणि सुभद्रेला घेऊन जावं, असं त्यांनी बजावलं होतं. हे सगळं त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. खोली मात्र पठ्ठ्याने आधीच दोघांपुरती घेऊन ठेवली होती.

त्याने मुंबईहून लाकडाचा एक ठोकळा, एक शंकू आणि एक नळकांडं आणलं होतं. ते टेबलावर मांडून तो म्हणाला, "मुलांनो, नीट निरखून पाहा." पोरांनी पाहिलं. मानाजी नावाचं एक गोलमटोल पोरगं होतं, त्याने शंकू उलटा करून आत काही आहे का तेही पाहिलं. मग सगळी खिडकीतून बाहेर बघायला लागली.

चिंतामणी म्हणाला, पाया कच्चा आहे. आधी सरळ रेघ. मुंबईत त्यालाही तसंच शिकवलं होतं, सहा महिने रेघ, मग कमान, मग ठोकळा. त्या दिवसापासून रोज तास वाजला की तीस पाट्यांवर तीस रेघा. रेघ काढायला पोरांना पापणी लवायचाही वेळ लागत नसे.

"मास्तरसाब, हुई गई लाईन. अब जाऊं?"

"अजून एक काढ."

"एक तो निकाली!"

ह्या युक्तिवादाला मुंबईच्या परीक्षेत उत्तर नव्हतं.

आता इथे कुणी म्हणेल की शाळेत रमत नसली तरी ही पोरं घरच्या भिंती कोळशाने रंगवत असतील. मुळीच नाही. मी त्यांच्या घरी जात-येत असे. भिंती स्वच्छ होत्या. पोरांना गोट्या हव्या होत्या, चिंचा हव्या होत्या, एकमेकांच्या टोप्या हव्या होत्या. चित्रात त्यांना काडीचा रस नव्हता, आणि मला त्यांचा रागही येत नव्हता. चित्रात मला स्वतःलाही रस नव्हता.

श्रावणात कमिटीची चिठ्ठी आली. दसऱ्याला धारला प्रदर्शन भरणार होतं, त्यात लहान मुलांच्या चित्रांचा विभाग होता, आणि पलीकडची शाळा चित्रं पाठवणार होती. आमच्या बिगरीचा नंबर आला तर चिंतामणी कायम. नाही आला तर राम राम.

चिंतामणी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "तात्या, धारला पाठवू काय? तीस रेघा?"

कल्पना माझीच, हे कबूल करतो. म्हटलं, "तूच काढ. डाव्या हाताने काढ म्हणजे पोरांची वाटतील. खाली नावं मी घालतो."

शाळा सुटल्यावर आम्ही दोघं रिकाम्या वर्गात बसायचो. पहिली चार-पाच चित्रं त्याने फाडली, डाव्या हातानेसुद्धा त्याचा ठोकळा ठोकळ्यासारखाच येई. मग त्याने एक शेळी काढली. शेळी घरापेक्षा मोठी झाली. पाय पाच झाले. तो थांबला, तिच्याकडे बघत राहिला आणि खो खो हसत सुटला. त्यानंतर त्याला आवरणं कठीण झालं. देवीची टेकडी आणि तिच्यावर रांगेने चढणारी माकडं, टांग्यात बसलेला घोडा आणि टांगा ओढणारा टांगेवाला, पावसात छत्री घेऊन उभी असलेली म्हैस. ज्येष्ठापासून मी ह्या माणसाला चित्र काढताना बघत होतो. त्याला त्यात मजा वाटतेय असं पहिल्यांदाच दिसलं. शेळीखाली मी मानाजीचं नाव घातलं.

धारला आमच्या बिगरीचा पहिला नंबर आला. पलीकडच्या शाळेने पोरांकडून खरोखरीचे ठोकळे काढून घेतले होते, त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. चिंतामणीने त्याच दिवशी नारायणरावांना पत्र टाकलं आणि सुभद्रेसाठी सागवानी पाट करायला दिला. कमिटीचा हुकूम तेवढा दिवाळीनंतर निघायचा होता.

दिवाळीनंतर प्रदर्शनाचे परीक्षक मानसिंगराव मुद्दाम देवासला आले. मोठा हौशी माणूस. विलायतेत हल्ली लहान मुलांच्या चित्रांवर ग्रंथ निघतात म्हणे, ते त्यांनी वाचले होते. हे छोटे चित्रकार त्यांना डोळ्यांनी बघायचे होते. कमिटी झाडून सगळी हजर. पोरांना कोरे कागद वाटले.

"काढा बाळांनो, मनाला येईल ते काढा," मानसिंगराव म्हणाले.

तीस पोरांनी तीस रेघा काढल्या. सरळ, सुबक, एकीसारखी दुसरी. आणि पेन्सिली खाली ठेवल्या.

मानसिंगरावांनी पिशवीतून शेळी काढली आणि मानाजीपुढे धरली. "ही कुणी काढली रे?"

मानाजीने शेळी नीट पाहिली. "मालूम नहीं."

"स्वतःचं चित्र विसरला!" मानसिंगराव हळहळले. "ड्रॉइंगचे मास्तर तुला काय शिकवतात?"

"लाईन."

"आणि शेळी?"

"शेळी नहीं सिखाई."

मानसिंगराव ताठ उभे राहिले. "ऐकलंत? शेळी ह्यांनी शिकवली नाही, म्हणजे ती पोरांची स्वतःची. रेघ ह्यांनी शिकवली आणि शेळी गेली! अहो, सोन्यासारखी पोरं ह्या माणसाने मारून टाकली." मग ते माझ्याकडे वळले. "वर्गाचे मास्तर तुम्ही. हे येण्याआधी पोरं अशी चित्रं काढत होती ना?"

चिंतामणीने माझ्याकडे पाहिलं. खरं बोलावं तर तीसही चित्रांखालचं अक्षर माझं होतं, आणि माझी नोकरी एकोणीस वर्षांची होती.

"होय साहेब," मी म्हणालो. "काढत होती."

महिन्याच्या आत कमिटीने चित्रकलेची जागा कायम केली आणि पोरांचा ओढा जपणारा मास्तर म्हणून ती माझ्याकडे सोपवली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यानंतर मात्र जात आलं आहे.

धारला परत जायच्या आदल्या दिवशी चिंतामणी माझ्या घरी आला. तो भांडेल म्हणून मी काय काय जुळवून ठेवलं होतं. तो भांडला नाही.

"परीक्षक खरं तेच बोलले, तात्या," तो म्हणाला. "मुंबईला जायच्या आधी मी शेळ्याच काढायचो."

मग त्याने विचारलं, "हुकूम आला असेल ना? बघू?"

मी आतून आणून दिला. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. मोहोर पाहिली, सही पाहिली, 'कायम' ह्या शब्दावरून बोट फिरवलं.

"असा असतो होय," तो म्हणाला, आणि कागदाची घडी चुरगळणार नाही अशी बेताने घालून त्याने तो माझ्या हातात परत दिला.