बोडिलची उडी

डेन्मार्कमध्ये नवीन वर्षात कुणी चालत जात नाही. बाराच्या ठोक्याला खुर्चीवरून उडी मारून जातात. जो मारत नाही तो जुन्याच वर्षात राहतो म्हणे. त्या हिशेबाने बोडिल गेल्या साली मागेच राहिली होती.

आतडं कापल्यापासून तिचं जेवण पिशवीतून, छातीतल्या नळीने थेट रक्तात जाई. ती जगली, हाडांनी मात्र या व्यवहारातून हळूच अंग काढून घेतलं.

"तुझी हाडं टोस्टासारखी झालीत," नर्स सिसे म्हणाली. "चाल, उन्हात बस, पण पडू नकोस. खुबा मोडला तर हे तिसऱ्या मजल्यावरचं घर विसर. मग वृद्धाश्रम."

"आणि उडी?"

"पायपुसण्यावरून मार."

बोडिलने करवत काढली. मेलेल्या नवऱ्याच्या खुर्चीचे पाय थोडे कापले. एक आखूड झाला, म्हणून बाकीचे कापले, मग दुसराच आखूड झाला. शेवटी खुर्ची जमिनीवर बसली.

रात्री ती पिशवीतलं जेवण ढकलणाऱ्या पंपाला बांधलेली असे, म्हणून तिने एकतीस तारखेची दुपार निवडली. डेन्मार्कमध्ये दुपारचे दोन वाजतात तेव्हा सिडनीत रात्रीचे बारा. सिडनीत तिचं कुणी नव्हतं. तसं इथेही नव्हतं.

पावणेदोनला बेल वाजली. खालच्या मजल्यावरचा एगॉन.

"काय कापत होतीस?"

तिने खुर्ची दाखवली आणि दोन वाजताचा सिडनीचा बेत सांगितला.

"हिच्यावरून उडी मारलीस तर मला खाली काय ऐकू येणार?" तो म्हणाला. "गेल्या वर्षी तुझा धप्पा आला नाही. वाटलं, गेलीस."

"मग बघायला का नाही आलास?"

"गेली असतीस तर दार कोण उघडणार?"

बोडिल स्वयंपाकघराकडे वळली.

"कॉफी घेशील?"

"तू पिणार नाहीस. एकटा तर मी घरीही पितो." जिन्यावरून तो म्हणाला, "तुझ्या वाटची उडी मी मारतो. तू नुसती ऐक."

दोन वाजता बोडिल खुर्चीच्या पाठीला धरून तिच्या बसायच्या फळीवर उभी राहिली. खालून दणका आला. कपाटातल्या बशा वाजल्या. मग काहीच नाही.

ती थांबली. तरी काहीच नाही.

"एगॉन?" तिने जमिनीला विचारलं.

ती फळीवरून उतरली आणि कठडा घट्ट धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली निघाली. नवीन वर्षात आपण चालत आलो, हे तिला अर्ध्या जिन्यात कळलं.

तिने बेल दाबली. पुन्हा दाबली. मग आतून लंगडी पावलं आली.

"उघडतोय," एगॉन म्हणाला. "गुडघ्याची समजूत घालून येतो."