विल्फला धुराड्यातून निरोप

“त्याला चहाच्या डब्यात कशाला आणलंत?” मी इंजिनातून खाली वाकून विचारलं.

“अस्थिकलशाला कडी नव्हती. याला आहे.” हिल्डा एन्टविसलनं शिडीला हात घातला. “आता वर ओढतोस, की शेडमास्तर येऊन आपली हजामत करेपर्यंत चौकश्याच करणार आहेस?”

मी वरून ओढलं. खालून ढकलताना बाईमाणसाला हात कुठे लावावा हे न कळून भट्टीत कोळसा टाकणाऱ्या माझ्या फायरमननं, क्लेगनं, फावड्याचं पातं लावलं.

“कोळसा समजलास का रे मला?” हिल्डा वरून ओरडली.

डब्यात तिचा नवरा होता. विल्फ. थॉर्नबेकच्या शेडमध्ये त्याच्या हाताखाली मी पंधरा वर्षं भट्टीत कोळसा ओतला. त्याला दोनदा मेलगाडीवर बढती आली, दोन्हीदा त्यानं नाकारली. म्हणायचा, “प्रवासी बोलतात रे. चुनखडी बोलत नाही.” जन्मभर त्यानं खेकडाच चालवला. खेकडा म्हणजे मधल्या वजनाच्या मालगाड्यांचं इंजिन. ना मेलचा डौल, ना राक्षसी ताकद. कोळसा, मेंढ्या, बिस्किटं, जे जोडाल ते निमूट ओढणार. दोन्ही बाजूंचे सिलिंडर तिरके, त्यामुळे चालायचा असा वाकडा, की पायथ्याशी दुधाचा कॅन चढवावा आणि माथ्यावर लोणी उतरवून घ्यावं. मी ते पावाला लावून खाल्लेलं आहे.

विल्फची शेवटची इच्छा साऱ्या शेडला पाठ होती. “मेल्यावर मला खेकड्याच्या भट्टीत टाका. पण क्रॅगडेलच्या चढणीवर! त्याला पुरता दम लागलेला असू दे, म्हणजे मी धुराड्यातून थेट ढगात.”

फेब्रुवारीत तो गेला. हिल्डा म्हणाली, उन्हाळ्यात पाहू. आणि जूनमध्ये पाटी लागली, की शुक्रवारी शेवटचा खेकडा शेवटची फेरी करणार आणि सोमवारी भंगारात जाणार. पुढे सगळी डिझेल इंजिनं. डिझेलच्या पोटात माणूस कसा टाकणार? तेव्हा आज नाही तर कधीच नाही. म्हणून नियम धाब्यावर बसवून हिल्डा माझ्या इंजिनात उभी होती; काळा कोट, डोक्याला रुमाल, काखेत डबा.

मागे चुनखडीचे छत्तीस डबे. क्रॅगडेलची चढण लागली आणि खेकडा असा गरजायला लागला, की शेजारच्या गावातली घड्याळं दहा मिनिटं पुढे गेली.

“टाका!” मी ओरडलो. क्लेगनं भट्टीचं दार उघडलं.

“आधी प्रार्थना!” हिल्डानं पुस्तक काढलं. दोन ओळी वाचल्या असतील. “मलाच ऐकू येत नाहीये! चर्चमध्ये निदान लोक खोकला तरी दाबतात!”

“विल्फला ऐकू जाईल!”

“त्याला जिवंतपणी कधी गेलं होतं?”

ती बोलली खरी, पण पुस्तक तिनं मिटलं नाही; पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, विल्फसारख्या माणसाला दोन क्षणांची शांतताही नको? मी रेग्युलेटर, म्हणजे वाफेचा दांडा, बंद केला. टोपी काढली. क्लेगनंही काढली. सगळं चिडीचूप.

इंजिन पुसणाऱ्या नवशिक्यालाही ठाऊक असतं, की रेग्युलेटर बंद करण्याआधी धुराड्यात वाफ सोडणारा फुंकणीचा नळ उघडायचा. नाहीतर धुराड्याची ओढ थांबते आणि आग दारातून बाहेर येते. हे शिकवायला विल्फनं तीनदा माझा कान पिरगळला होता. पण माणूस टोपी काढतो तेव्हा कधीकधी अक्कलही तिच्यातच काढून ठेवतो.

हिल्डानं शांतपणे प्रार्थना पुरी केली आणि डबा उपडा केला.

विल्फ आत गेला, त्यानं भट्टी पाहिली आणि परत आला.

भप्प! माझ्या भुवया गेल्या. क्लेग पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. हिल्डाचा काळा कोट गळ्यापासून गुडघ्यापर्यंत राखाडी.

मी धावत नळ उघडला, रेग्युलेटर ओढला. माफी मागायला तोंड उघडलं, तर तोंडातही थोडा विल्फच.

हिल्डानं पापण्या पुसल्या. “आला परत,” ती म्हणाली. “रोजचंच आहे. फाटकापर्यंत जायचा, मग काहीतरी विसरलेलं आठवायचं.”

आणि हसायला लागली. मग आम्हीही हसलो. क्लेगला तर बेंच धरून बसावं लागलं.

डब्याच्या तळाशी मूठभर विल्फ उरला होता. खेकडा पुन्हा गरजू लागल्यावर तिनं तो आत टाकला. या वेळी गेला. धूर पाऊण मैल सरळ वर चढला. क्लेग म्हणतो, वरून शिट्टीही ऐकू आली. मी तेवढं खोटं बोलत नाही.

माथ्यावरच्या सिग्नलपाशी तिला उतरवलं. तिथून बस मिळते. तेल पुसायच्या चिंध्यांचा बोळा घेऊन मी तिचा कोट झटकायला गेलो.

“राहू दे.”

“अहो मिसेस एन्टविसल, पण बसमध्ये लोक...”

“राहू दे म्हटलं ना, पोरा.”

रिमझिम सुरू झाली होती. त्या दिवसासाठी तिनं केस कुरळे करून घेतले होते. तिनं डोक्याचा रुमाल सोडला, कोटावर जिथे राख जास्त होती तिथे खांद्यावरून नीट पसरला, हनुवटीखाली गाठ मारली, आणि उघड्या डोक्यानं पावसात पायवाट उतरू लागली.