बाईसाहेबांच्या कपाळावरचा ठिपका

निवृत्त पोस्टमास्तरांनी ताईच्या टेबलावर बिस्किटांचा जुना डबा उपडा केला. पिवळी पडलेली तिकिटं, पत्र्याचे बिल्ले आणि सात पोस्टकार्डं बाहेर आली. प्रत्येक कार्डावर गाढवीण, पाठीवर कुणाचं तरी मूल, कपाळावर पांढरा ठिपका.

"बाईसाहेब," तिचा धाकटा भाऊ हसला. साठीला आला तरी ताईला तो धाकटाच.

ताईचे गुडघे सकाळपासून ठणकत होते. कधीकाळी दर रविवारी या भावंडांच्या शेताच्या फाटकाशी मुलांची रांग लागायची. ससे, बदकं, ट्रॅक्टरमागची गाडी आणि बाईसाहेबांची सवारी. आता तिथे गोदामं उभी होती. गाढवही गेलं आणि शेतही गेलं.

"वाचनालयात मांडणार आहे हे," पोस्टमास्तर म्हणाले. "खाली लिहितो, एकाच गाढविणीने तीस वर्षं मुलं फिरवली. फक्त एक कळेना. ठिपका कधी या डोळ्याकडे सरकलाय, कधी त्या."

"फोटोच खराब असतील," धाकटा घाईने म्हणाला.

ताईला खरं कारण माहीत होतं. धाकटा सहा वर्षांचा असताना त्याच्या हातून फाटकाची कडी लावायची राहिली आणि बाईसाहेब ट्रकखाली गेली. बाबांनी तसलीच दुसरी आणली, "परत आली बघ" म्हणून पोराला दाखवली. पुढे तिसरीही आली. दर रविवारी फाटक उघडण्याआधी वाटीत चुना कालवून ठिपका काढायचा तो ताईने. बाबा गेले, चुना संपला, पण तोंडावरचं कुलूप काही निघेना.

आता तिला ते पेलवेना.

"तीन होत्या," ती म्हणाली. "ठिपके मी काढायचे. पहिली गेली तेव्हा तू लहान होतास रे."

धाकट्याने हातातलं कार्ड खाली ठेवलं. "माहीत आहे मला. पहिली माझ्या हातून गाजर खायची. दुसरी नुसतं हुंगायची. बाबा कुंपणाआडून बघत असायचे, त्यांना कळू नये म्हणून मीच पाठ करून ते खायचो. आता गाजर ताटात आलं तरी नको होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढा जीव लावून ठिपका काढायचीस. काय बोलणार?"

ताईला हसावं की रडावं कळेना, आणि दोन्हीला अंगात त्राण नव्हतं. पन्नास वर्षं दोघांनी एकमेकांपासून एकच मेलेलं गाढव लपवलं होतं.

"मग एकच लिहू?" पोस्टमास्तरांनी हळूच विचारलं. "लोकांना तशीच आठवते."

"लिहा एकच," धाकटा म्हणाला.

"नको. तीन लिहा. बिचाऱ्या दोघी जन्मभर पहिलीच्या नावावर राबल्या," ताई म्हणाली.

ताई चष्मा लावून एकेक ठिपका निरखू लागली. सहा कार्डांवर तिला आपला चुना ओळखता आला. सातव्यापाशी ती अडली.

"ही कुठली रे?"

धाकट्याने कार्ड खिडकीकडे धरलं. "ही पहिली," तो म्हणाला आणि बराच वेळ त्याने ते खाली ठेवलं नाही.