मागची दोन चाकं

मुलीने व्हॅनचं मागचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि जोर लावून फिरवलं. जॅकवर उचललेलं चाक वीतभर सरकलं आणि अडलं. तिने ब्रेकच्या ड्रमवर पाण्याचे चार थेंब शिंपडले. ते चर्र करून उडाले.

"ब्रेकचे लायनर करपलेत," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंचे."

तिचे वडील, सगळ्यांचे मिस्त्री, दाराशी स्टुलावर बसून बघत होते. ब्रेक सुटत नाहीत, चाकं पकडून ठेवतात म्हणून हीच व्हॅन त्यांनी पंधरवड्यापूर्वी स्वतः दुरुस्त केली होती. आज ती त्याच दुखण्याने परत आली होती.

व्हॅनवाला अंधशाळेतल्या मुलांची ने-आण करी. आज सकाळी उतारावर मागून धूर निघाला. वास त्याच्याआधी मुलांनाच आला. त्याने चौदाच्या चौदा मुलांना उतरवलं आणि एकमेकांचे हात धरून रस्त्याच्या कडेला उभं केलं.

"मिस्त्री, तुम्हीच बघा ना एकदा. वीस वर्षं गाडीला तुमच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही."

"ती बघतेय," मिस्त्री म्हणाले.

दुखणं कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. हँडब्रेकची केबल. गंजली की आतच अडकते आणि मागची चाकं धरून ठेवते. मागच्या वेळी ती नुसती सैल केली, बदलायलाच हवी होती. पण तिचं तिलाच सापडू दे, म्हणून ते स्टुलावरच बसून राहिले.

मुलगी गाडीखाली शिरली, केबल काढून मोकळी केली आणि बाहेर येऊन चाक फिरवलं. चाक हललं नाही.

मिस्त्री स्टुलावर पुढे सरकले.

त्यानंतर ती काहीच करेना. हात पुसले, पाणी प्यायली, भिंतीला टेकून उभी राहिली. व्हॅनवाल्याची चुळबुळ चालू झाली. पंधराएक मिनिटांनी तिने चाकाला नुसतं बोट लावलं. ते गरगर फिरलं.

"झालं की!" व्हॅनवाला म्हणाला.

"कुठलं झालं, काका? आत बसा आणि ब्रेक दाबा. चार-पाच वेळा, जोरात. आता सोडा."

चाक पुन्हा घट्ट.

ती वडिलांजवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा, तुम्ही बघितलीत तेव्हा गाडी रात्रभर उभी होती ना?"

"होती."

"म्हणजे चाक मोकळंच मिळालं असणार."

एवढंच म्हणून ती पुन्हा गाडीखाली गेली. पुढून येणारी लोखंडी नळी मागच्या रबरी पाइपला जिथे जोडली होती, तिथला नट तिने सैल केला. ब्रेकचं ऑइल ठिबकलं, चाक तसंच. नट आवळून तिने चाकाजवळचा, हवा काढायचा निपल उघडला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं.

"ऑइल जातं, पण परत येत नाही," ती गाडीखालूनच म्हणाली. "मधे अडतंय."

तिने रबरी पाइप काढून सुरीने कापला आणि तुकडा वडिलांच्या हातात दिला. मिस्त्रींनी तो डोळ्याला लावून उजेडाकडे धरला. बाहेरून धडधाकट दिसणारा पाइप आतून फुगला होता. टाचणी जाईल एवढंही भोक राहिलं नव्हतं. त्यांनी तो बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला.

नवा पाइप बसला, नवे लायनर चढले. नळीत शिरलेली हवा काढायला ब्रेकच्या पेडलवर कुणीतरी हवं होतं. मिस्त्री न सांगता उठले आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले.

"दाबा," गाडीखालून आवाज आला. "धरा. सोडा."

चाळीस वर्षं हे तीन शब्द त्यांनी दुसऱ्यांना ऐकवले होते. आता ते मुकाट्याने दाबत होते, धरत होते, सोडत होते.

दुपारी व्हॅनवाला त्याच उतारावर दोन फेऱ्या मारून आला. खाली उतरून त्याने मागच्या दोन्ही चाकांना तळवा लावला आणि मिस्त्रींकडे बघून हसला.

"थंडगार! शेवटी तुमचीच शिकवण, मिस्त्री."

"माझी नाही," मिस्त्री म्हणाले. गॅरेजात दुसरी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते बोलले. "मी केबल बदलून दिली असती. आणि तुम्ही पुन्हा धूर काढत आला असता."

"बरं, क्लचही जरा जड लागतोय," व्हॅनवाला म्हणाला. "पुढच्या आठवड्यात तुम्ही कधी असता?"

"मी रोजच असतो. तिला वेळ कधी आहे ते विचारा."

पलीकडे दुसऱ्या गाडीखाली पान्याची कटकट चालू होती. ती क्षणभर थांबली.

"बुधवारी आणा, काका," गाडीखालून मुलगी म्हणाली. "सकाळी. गाडी चालवून, गरम असतानाच आणा."