भावोजींची दाढ

दाढ ठणकायला लागली तेव्हा फोटोग्राफरसाहेबांनी पहिला निर्णय असा घेतला की दाताच्या डॉक्टरकडे पाऊल टाकायचं नाही. कारण अगदी शास्त्रीय होतं. दाताची डॉक्टर म्हणजे त्यांची सख्खी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण, आणि तिच्या कामाला साहेब गेली कित्येक वर्षं भर पंगतीत 'सुतारकाम' म्हणत आले होते. आता त्याच सुताराच्या पुढ्यात आ वासून बसायचं?

त्यामुळे साहेबांनी स्वतःच उपचार सुरू केले. लवंगेचं तेल इतकं चोपडलं की हिरडी भाजून निघाली. गरम चहाचा घोट घेतला की कानशिलापर्यंत वीज चमकायची, गार पाण्याने जरा बरं वाटायचं. मग पाण्याची बाटली ट्रायपॉडला टांगून ठेवली. गिऱ्हाईक स्टुलावर बसायचं, साहेब "हनुवटी वर, खांदे सैल" म्हणायचे, एक घोट घ्यायचे, आणि मगच बटण दाबायचे. तोवर गिऱ्हाइकाचा चेहरा आंबलेला असायचा.

"अहो, धाकटी म्हणतेय, रूट कॅनल करावं लागेल," बायको म्हणाली.

"रूट म्हणजे मूळ आणि कॅनल म्हणजे कालवा. माझ्या तोंडात कालवा खणणार ती? मूळ उपटतात आणि वर टोपी घालून घरी पाठवतात. मला सगळं माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

या 'सगळ्यां'पैकी एकाचीही दाढ कधी दुखली नव्हती, पण साहेब असल्या फुटकळ गोष्टींत शिरत नसत.

आणि एके दिवशी चमत्कार झाला. सकाळी उठून बघतात तर ठणका गायब! साहेबांनी वाफाळता चहा घेतला. काही नाही. बर्फ चघळला. काही नाही. लगेच मेहुणीला फोन.

"डॉक्टरीणबाई, तुमचं एक गिऱ्हाईक हातचं गेलं. दाढ आपोआप बरी झाली."

मेहुणीने विचारलं, "गरम लागत नाही? गारही नाही?"

"अजिबात नाही!"

"मग भावोजी, आजच या. ती बरी नाही झालेली, आतून मेलीय."

साहेब खदाखदा हसले आणि त्यांनी फोन ठेवला. धंदा बुडाला की माणसं काय वाट्टेल ते बोलतात, असं त्यांनी बायकोलाही समजावून सांगितलं.

त्याच आठवड्यात अग्निशमन दलाच्या जवानांचा ग्रुप फोटो होता. त्या सकाळी साहेब आरशासमोर गेले तेव्हा उजवा गाल टम्म फुगलेला, एक डोळा अर्धा मिटलेला. पण काम म्हणजे काम. बंबासमोर जवान तीन ओळींत उभे राहिले, चेहरे असे की जणू बंबच विकायला निघालाय. साहेब कॅमेऱ्यामागून गरजले, "हशा जला!" क्षणभर कुणाला काही कळलं नाही. साहेबांनी गाल धरून पुन्हा जोर लावला, "अवे, हशा!" तशी मागच्या ओळीतून पहिला फुटला, आणि बघता बघता सगळं दल पोट धरून वाकलं. कडक शिस्तीचे मुख्य अधिकारीही बंबाला टेकले. साहेबांच्या आयुष्यातला तो सर्वात जिवंत फोटो ठरला. पण तो बघायला थांबण्याची त्यांची अवस्था नव्हती. तिथून ते थेट दवाखान्यात.

मेहुणी 'मी सांगत होते' म्हणाली असती तर बरं झालं असतं. पण तिने नुसतं "या भावोजी" म्हणत खुर्ची मागे कलती केली, दाढेचा एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला.

"दाढेच्या आत मऊ गाभा असतो. त्यात नस असते, रक्त असतं. कीड तिथवर पोचली की तो सुजतो, पण कडक दाढेत फुगायला जागा कुठली? म्हणून ठणका. गाभा मेला की ठणका थांबतो, पण जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. हा तुमचा गाल."

"मव मूळ काढनार?"

"मूळ जागेवरच राहतं. मुळातल्या बारीक नळ्या साफ करायच्या, औषध भरायचं आणि बंद करायचं. दाढ तुमचीच. टोपीसुद्धा डोक्यावर नाही, दाढेवर."

एवढी साधी गोष्ट आपल्याला कुणी का सांगितली नाही, याचा साहेबांना मनापासून राग आला.

त्या दिवशी तिने दाढ वरून उघडून साचलेला पू काढून टाकला. साहेबांचा श्वास मोकळा झाला. सूज उतरल्यावर पुन्हा बोलावलं, सुई देऊन बधिर केलं आणि केसासारख्या कानशींनी नळ्या घासायला घेतल्या. ज्या रूट कॅनलच्या नावाने साहेबांची झोप उडाली होती, ते चालू असतानाच त्यांना गाढ डुलकी लागली. चक्क घोरू लागले. मेहुणीला दोनदा हलवून उठवावं लागलं, "भावोजी, तोंड मिटू नका!"

घरी आले तेव्हा जीभ आणि ओठ अजून बधिर होते. साहेब काही तरी ठामपणे सांगू बघत होते, पण बाहेर "अवब, अवब" एवढंच निघत होतं. दुपारभर घरात विलक्षण शांतता होती. बायको खिडकीशी बसून निवांत चहा प्यायली. मग तिने बहिणीला फोन लावला.

"अगं, काम झकास झालंय," ती हळूच म्हणाली, "पण ती बधिर करायची सुई... ती घरी देता येते का गं?"