एकाच काचेवर

“दीनानाथभाऊ, निळं कुठंच दिसत नाही. चला, पोरगी सुटली!” मायक्रोस्कोपवरून मान वर करत डॉक्टर अनघा म्हणाल्या. मग थबकल्या. “पण कंट्रोल कुठाय?”

दीनानाथने सुरी पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

यवतमाळच्या त्या दवाखान्यात तपासणीचे तुकडे मेणात बसवून, पातळ कापून रंगवण्यात त्याचा जन्म गेला होता. वारंवार रक्त चढवलेल्या माणसाच्या यकृतात लोह साचतं. रंग दिला की ते निळं उमटतं. पण रंगच बिघडलेला असला तर? म्हणून ज्यात लोह नक्की आहे असा जुना तुकडाही सोबत रंगवायचा. हाच कंट्रोल. तो निळा झाला, तरच दुसऱ्यावर विश्वास ठेवायचा.

“काहून नाही लावला?” अनघांनी विचारलं.

“संपत आला जी, मॅडम. एखादाच काप निघन.”

“मग काढायचा ना! त्याचं काय लोणचं घालायचंय?”

“भैरवीचा हाय तो.”

अनघा खुर्चीत टेकल्या. दीनानाथच्या बायकोला वर्षानुवर्षे रक्त चढवावं लागलं होतं, हे त्यांना माहीत होतं. तिच्या यकृताचा तुकडा याच कपाटात आहे, हे नव्हतं.

“तिनंच सांगतलं होतं,” तो म्हणाला. “म्हणे, घरात तं माह्यं काही चालत नाही, तुमच्या कपाटात तरी जागा द्या.”

भैरवी गेली, तुकडा राहिला. कोणाचंही यकृत आलं की दीनानाथ तो काढायचा, अगदी हलक्या हाताने एक काप घ्यायचा आणि परत ठेवून द्यायचा. यावेळी मात्र हात धजावला नाही.

“राहू द्या,” अनघा हळूच म्हणाल्या. “नागपूरहून दुसरा मागवते. लागतील दोन-चार दिवस.”

तो बाहेर आला. बाकावर राळेगावची तानाबाई बसली होती. सिकलसेलच्या आजारामुळे सारखं रक्त चढवावं लागणारी, पिवळी पडलेली तिची दीपमाला मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

“भाऊ, झाली का जी तपासणी? आज सुट्टी देऊन राह्यले म्हणे. पोरीले औषध लागन का नाही?”

‘चार दिवसांनी या’ एवढंच म्हणायचं होतं. पण पोरीकडे पाहून त्याला स्वतःचीच लाज वाटली. भैरवी असती तर तिनं चांगलंच झापलं असतं त्याला.

“पुन्हा करून राह्यलो, बाई. तवर दोन घास खाऊन घ्या.”

आत येऊन त्याने रंगाच्या रसायनाची नवी बाटली फोडली. भैरवीचा शेवटचा काप घेतला. एकाच काचेवर डावीकडे ती, उजवीकडे दीपमाला.

अनघांनी बराच वेळ पाहिलं.

“वहिनी निळ्याशार आहेत, भाऊ. आणि पोरगीही. जुना रंगच गेलेला होता. आपण हिला तशीच घरी पाठवली असती! लोह उतरवायचं औषध आजच सुरू करते.” त्या उठून बाजूला झाल्या. “बघता?”

दीनानाथ वाकला. इतकी वर्षं त्याने भैरवीच्या कापात फक्त रंग चढला की नाही एवढंच पाहिलं होतं. आज बघत राहिला. अनघा तानाबाईकडे गेल्या.

काप काढायच्या मशीनवर भैरवीच्या तुकड्याभोवतालच्या मेणाच्या बारीक साली पडल्या होत्या. एरवी तो त्या ब्रशने डब्यात लोटून द्यायचा. आज त्याने खिडकी लावून घेतली, वरचा पंखा बंद केला आणि त्या तिथेच राहू दिल्या.