बोडसांचं घडीव पोट

डॉ. हर्डीकरांनी यशवंत बोडसांचं पोट छिन्नीनं घडवलं. भूल द्यावी लागली नाही, कारण टेबलावर आडवे होताच बोडस छातीपासून कमरेपर्यंत काळा पाषाण झाले होते. डॉक्टरांनी ढेरीचे मोठाले कपचे उडवले, मग सावकाश सहा चौकोन कोरले आणि वरून तेलाचा हात फिरवला. नर्सनं कपचे बादलीत भरले.

एक्कावन्नाव्या वर्षी हे खूळ डोक्यात शिरलं ते बायकोमुळे. मालिकेतला उघडाबंब नायक नदीतून वर आला तेव्हा मंजिरीचा घास हातातच राहिला होता. पंचवीस वर्षांत तिनं बोडसांकडे असं कधी पाहिलं नव्हतं. एकदा तरी पाहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

बोडस घरी आले तेव्हा तिनं दार उघडलं, पोटाकडे नजर टाकली आणि डोळे मिटून हात जोडले.

तिनं त्यांना बैठकीच्या खोलीत पाटावर बसवलं. एकदा बसल्यावर त्यांना उठता येईना, हातही मांडीवरून हलेना. दुपारी ताट आलं. अळूचं फदफदं, वाटली डाळ, वर तूप सोडलेली पुरणपोळी. मंजिरीनं पाण्यानं चौकोन काढून त्यावर ताट ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले. मग ताट उचलून आत नेलं आणि स्वतः जेवली. तिचं काही चुकलं नाही, मूर्तीपुढे असंच करतात. पण आधी पोटोबा मग विठोबा म्हणत जन्म काढलेल्या माणसाच्या नशिबी हे यावं, याचं वाईट वाटतंच.

"मंजिरी, मला भूक लागलीय," बोडस म्हणाले.

"दाखवलंय ना सगळं," ती आतून म्हणाली.

मग लोक येऊ लागले. शेजारच्या घैसासबाई जास्वंद वाहून गेल्या. ज्या पॉलिटेक्निकमध्ये बोडस शिकवत, तिथले सहकारी नारळ ठेवून गेले. बोडस प्रत्येकाला सांगत की दोन घास भरवा. प्रत्येक जण डोळे मिटून ऐके आणि आपलं काम होईल असं समजून समाधानानं घरी जाई. मला विचाराल तर, एखाद्याकडे बघायचंच नसेल तर त्याला नमस्कार करावा, यासारखी दुसरी सोय नाही.

पंधराव्या दिवशी भूक आतून अशी गुरगुरली की चौथ्या चौकोनाचा टवका उडून श्रीखंडाच्या वाटीत पडला. खाली बारीक भेग दिसू लागली. मंजिरीनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आम्ही फक्त पोट घडवतो, भूक काढत नाही, आणि भुकेनं तडा गेला तर आमची जबाबदारी नसते, तुमच्या मिस्टरांनी तशी सही केलीय. मग तिनं भावाला बोलावलं. नानांनी चष्मा लावून भेग पाहिली.

"ताई, भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये," ते म्हणाले. नदी जवळच होती.

मंजिरी आतून अक्षता आणि दह्याची वाटी घेऊन आली. मग तिनं अक्षता टाकल्या, बोडसांच्या उजव्या हातावर चमचाभर दही ठेवलं आणि पाट जरासा सरकवला. मूर्ती अशी जागची हलवली की तिच्यात देव उरत नाही. त्यामुळे आता डोळे मिटायचं कारण नव्हतं. तिनं बोडसांकडे डोळे भरून पाहिलं, कपाळापासून पायाच्या नखापर्यंत. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. बोडसांना रडू आलं.

बाहेर टेम्पोचा फाळका पडल्याचा आवाज झाला. नाना आणि आणखी तिघे आत आले, त्यांनी बोडसांना चारी बाजूंनी धरलं आणि उचलताना थोडं तिरकं केलं. दही बोटांवरून ओघळून पोटावर आलं, भेगेपाशी थांबलं आणि हळूहळू आत उतरलं. आत ते फार गोड लागलं.

"आणखी वाढ," बोडस म्हणाले.

मंजिरीनं हात जोडले.